नमुना पास झाला की झालं

चतुराबाई सरवदेला मूत्राशय नव्हतं. चार वर्षांमागं औरंगाबादच्या दवाखान्यात ते कॅन्सरसकट काढून टाकलं, आणि तिच्याच आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन बेंबीच्या उजव्या अंगाला त्याचं लाल तोंड बाहेर काढून दिलं. त्या तोंडावर पिशवी चिकटवायची. लघवी त्या पिशवीत. पिशवी भरली की खालची तोटी सोडायची, मोकळी करायची आणि कामाला लागायचं. गोष्ट एवढीच. पण गावाला एवढ्यावर कधी भागत नाही.

"चतुरा पोटातनं मुतती," असं एक जण पारावर मोठ्यानं बोलला होता, ती ऐकेल अशा बेतानं. ती थांबली, वळली आणि म्हणाली, "मी पोटातनं मुतते, तुमी तोंडातनं. माझ्यावर पिशवी तरी हाय. तुमच्यावर काय बांधायचं?" त्या दिवसापासून पारावरचे लोक ती दिसली की पिकापाण्याचं बोलायला लागत. पीक नव्हतं आणि पाणीही नव्हतं, तरी.

सिरसाळ्याच्या अलीकडं माळावर बोरखेड म्हणून गाव. तिथल्या रमाई महिला दूध संस्थेची चतुराबाई अध्यक्ष. संकलन भीमनगरच्या समाजमंदिराला लागून असलेल्या खोलीत. ज्या घरांत चतुराला पाणी अजूनही वरून ओतत, त्याच घरांतल्या बाया सकाळ-संध्याकाळ बरण्या घेऊन तिच्या खोलीपुढं रांगेत उभ्या राहत. बामनाचं, मराठ्याचं, वंजाऱ्याचं, बौद्धाचं दूध एकाच कॅनमध्ये पडायचं आणि त्याला कोणी विटाळ म्हणत नव्हतं, कारण दर दहा दिवसाला पगार यायचा. विटाळ किती खरा असतो ते तिथं कळायचं.

सालं सगळी वाईटच होती, पण सोळा साल म्हणजे हद्द. विहिरीच्या तळाला उतरून माणसं वाटीनं पाणी भरत. निम्मी जनावरं छावणीवर. टँकर आला की गाव धावायचं आणि टँकर गेला की गाव भांडायचं. सोयाबीन गेलं, कापूस गेला, ऊस तर कुणी लावलाच नव्हता. राहिलं होतं ते म्हशीच्या कासेतलं. ती संस्था चालली होती म्हणून बोरखेडच्या चुली चालल्या होत्या, आणि ती चतुराबाईच्या जोरावर चालली होती. पशुखाद्याची गाडी अडली तर ही परळीला दूध संघात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर बसायची आणि गाडी सुटेपर्यंत उठायची नाही. पिशवी भरली तरी न्हाणीत जाऊन यायची आणि पुन्हा बसायची.

आता तिनं केलेली चूक सांगायला पाहिजे. चूक मूर्खपणाची नव्हती, धंद्याची होती.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशननंतर बजावलं होतं, "चतुराबाई, मूत्राशय गेलं म्हणजे आजार गेला असं समजायचं नाही. हा परत येतो तेव्हा दुसरीकडं येतो. फुप्फुसात, हाडात, गाठीत, मूत्रपिंडाच्या नळीत. दर सहा महिन्यांनी यायचं. सीटी, रक्त, लघवी. पाच वर्षं चुकवायचं नाही, आणि नंतरही वर्षाला एकदा, जन्मभर."

पहिली अडीच वर्षं ती गेली. मग दुष्काळ लागला आणि संस्था गळ्यात पडली. औरंगाबादला जायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. दोन दिवस दूध कोण घेणार, फॅट कोण बघणार? तेव्हा तिनं आपली एक तोड काढली. दुधाच्या गाडीवर बंकट नावाचा ड्रायव्हर होता. गावाची औषधं, चपला, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्याच्याच गाडीतून परळीला जायचं-यायचं. त्याच्याच हातानं ती लघवीची बाटली परळीच्या लॅबला धाडायला लागली. बाटली कुठली? डेअरीचीच, दुधाचा नमुना ठेवायची, धुऊन घेतलेली.

डेअरीत बारा महिने काय चालतं? कॅन ढवळायचा, पळीभर दूध काढायचं, बाटलीत घ्यायचं. नमुना पास तर कॅन पास. कॅनात हात घालून कोणी बघत नाही. सकाळ-संध्याकाळ तेच करणाऱ्या बाईला आपलं शरीरही कॅनच वाटलं तर नवल काय? लॅबचा कागद यायचा, 'ठीक'. ती कागद हलवत खोलीत यायची, "पास झाले गं भामे!" आणि सचिव भामाबाई, मराठ्याची विधवा बाई, चार एकर कोरड्या जमिनीची मालकीण, हसून म्हणायची, "फॅट किती लागलं?"

असं दीड वर्ष चाललं. दीड वर्षात एकही सीटी नाही.

मे महिन्यात नमुना नापास झाला.

बंकट दुपारची गाडी घेऊन आला तेव्हा नेहमीसारखा हॉर्न वाजवला नाही. कागद देताना त्यानं नजर चुकवली. छापील इंग्रजीच्या खाली लॅबवाल्यानं निळ्या पेनानं मराठीत लिहिलं होतं, 'संशयास्पद पेशी आढळल्या. तातडीनं तज्ज्ञांना दाखवा.'

"तू वाचलास?" चतुराबाईनं विचारलं.

"आक्का, उघडाच व्हता कागद…"

"कुनाला सांगितलंस?"

बंकटनं मान खाली घातली. म्हणजे सिरसाळ्याच्या हॉटेलात सांगितलं होतं. म्हणजे आबासाहेबांना कळलं होतं.

आबासाहेब हे गावचे पुढारी. दोन वेळा सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कारखान्याच्या मागच्या बाकावरचे संचालक. त्यांच्या मेहुण्यानं खाजगी दूध प्लांट काढला होता आणि त्याला बोरखेडचं दूध पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची विशेष सभा होती. ती त्यांनीच सह्या गोळा करून बोलवायला लावली होती. विषय एकच, 'दुष्काळ सरेपर्यंत संकलन खाजगी केंद्राकडं सोपवणे'. दुष्काळ सरेपर्यंत म्हणजे कायमचं, हे बोरखेडच्या शेळीलाही कळत होतं.

भामाबाईनं कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "चतुरे, उठ. आत्ताच्या आत्ता औरंगाबादला चल."

"उद्या सभा हाय."

"गाढवाच्या मागं गेली सभा! तुझा जीव हाय का सभा?"

"मी नसले तर आबासाहेब दूध घेऊन जातील. सभा होऊ दे. हात वर झाले की मी तशीच गाडीत बसते. शब्द."

"आन त्या डाव्या कुशीचं काय?" भामाबाईनं एकदम विचारलं.

चतुराबाई दचकली. दोन महिन्यांपासून डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, जडजड दुखत होतं. म्हशीचा खुंटा उपटताना लचक भरली असेल असं तिनं स्वतःला समजावलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "तुला कुनी सांगितलं?"

"कॅन उचलताना वाकडी व्हतीस. मला डोळे न्हाईत व्हय?"

त्या दिवसभर चतुराबाई बरण्या-कॅनांतच होती. भीती तर होतीच. पण भीतीबरोबर एक पिसाट जोरही चढला होता. जीव जायचा असेल तर जाईल, पण दूध जाऊ देणार नाही, अशी काहीतरी झिंग. तिचा नवरा निवृत्ती जेवताना म्हणाला, "कपडे भरून ठेवलेत. पिशव्या घेतल्यात. सकाळी सभेच्या दारात बसतो मी, थैली घेऊन." इतकंच बोलला. तो कमीच बोलायचा, पण नेमकं बोलायचा.

सकाळी समाजमंदिर गच्च भरलं. सभासद बाया पुढं सतरंजीवर, त्यांचे नवरे मागं भिंतीला टेकून. बायांची सभा आणि मिशा मागं पहाऱ्याला! आबासाहेब खुर्चीवर. पांढरेशुभ्र कपडे. गावाला प्यायला पाणी नव्हतं, यांच्या कपड्यांना मात्र होतं.

"माय-भगिनींनो," त्यांनी गोड आवाज काढला, "चतुराबाईनं लई कष्ट केले. आपल्याला तिचा अभिमान हाय. पन आता तिची तब्येत… काल परळीवरनं काय खबर आली ती मी सांगनार न्हाई. आजारी मानसाची अशी चर्चा करू ने. माझं एवढंच म्हननं, की बिचारीला आता आराम द्या. तिचे काय दिवस राहिलेत ते तिला सुखानं काढू द्या."

बायांमध्ये चुकचुक झाली. काहींनी डोळ्याला पदर लावला. ते बघून चतुराबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. शिवी परवडते, पण जिवंतपणी घातलेलं तेरावं नाही परवडत.

ती उभी राहिली. कमरेवरचा पदर बाजूला केला, निऱ्यांच्या वर हात घातला आणि पिशवी बाहेर काढून सगळ्यांपुढं धरली. अर्धी भरलेली, पिवळी, तिच्या अंगासारखी गरम.

"ही बघा! ज्याला बघायचं त्यानं डोळे भरून बघा. चार वर्षं लपून कुजबुजता. ह्यात मूत हाय. अत्तर न्हाई आन इख बी न्हाई. हिच्यासकट मी तुमचं दूध घेतलंय, हिच्यासकट परळीच्या साहेबाकडनं पेंड आनलीय. आबासाहेब, खबर झाकता कावून? मी सांगते. माझ्या लघवीत वाईट पेशी सापडल्यात. कॅन्सर परत आला आसंल. आत्ता सभा झाली की मी औरंगाबादला निघाले. जगले तर येईन, मेले तर भामाबाई अध्यक्ष होईल. पन संस्था काय माझ्या पोटावरची पिशवी न्हाई, की माझ्याबरोबर सरनावर जाईल!"

मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, पदर घ्या, मानसं बसलीत!"

"मानसं?" भामाबाई उठली. "सभा बायांची हाय. तुमाला बोलावलं कुनी? न्हाई बघवत तर उठा आन छावनीवर जाऊन शेन काढा!"

हशा झाला. पहिल्यांदा एका कोपऱ्यात, मग सतरंजीभर. तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बाया पदर सोडून हसायला लागल्या. आबासाहेब घसा खाकरत होते, पण हसणाऱ्या बायांपुढं भाषण करायचं शिक्षण कुठल्याच पुढाऱ्याला नसतं. भामाबाईनं विचारलं, "संकलन खाजगीला द्यायचं म्हननारे हात वर करा." चारदोन हात वर आले, तेही मागच्या मिशांकडं बघत. "न द्यायचं म्हननारे?" मग जो हातांचा मळा उभा राहिला, तसलं पीक त्या सालात बोरखेडच्या एकाही शेतात आलं नव्हतं.

चतुराबाईनं पिशवी आत सारली, पदर खोचला आणि दाराकडं चालायला लागली. निवृत्ती थैली घेऊन उभा होता. बाहेर बंकट इंजिन चालू ठेवून बसला होता. "आक्का, बसा. परळीपर्यंत सोडतो," तो म्हणाला आणि मग हळूच, "तोंड शिवून घ्यायला पायजे माझं."

"आत्ता नगं. आधी गाडी चालव."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तो कागद आणि त्याआधीचे तीन 'ठीक'चे कागद वाचले, मग चतुराबाईकडं बघितलं. "बाटली कुठली होती?"

"डेअरीची. धुतलेली."

"लघवी कुठून घेतली?"

"पिशवीतनं."

"म्हणजे रात्रभर पिशवीत साठलेली लघवी, दुधाच्या बाटलीत, मे महिन्याच्या उन्हात, दुधाच्या गाडीतून?" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमची लघवी आतड्याच्या तुकड्यातून येते. आतडं रोज आपल्या पेशी गाळतं. त्या सडल्या की वाईटच दिसणार. लॅबवाल्याला तुमची पिशवी माहीत होती का?"

"न्हाई. मी कशाला सांगू?"

"मग ह्या कागदाला काडीचा अर्थ नाही."

निवृत्तीनं एवढा मोठा श्वास सोडला की शेजारची नर्स वळून बघायला लागली. चतुराबाई खुर्चीतून अर्धी उठली. "म्हंजे मी पास?"

"बसा खाली!" बाई कडाडल्या. "हा कागद खोटा म्हणजे मागचे तीन कागदही खोटे. त्यांनी 'ठीक' म्हटलं त्यालाही अर्थ नव्हता. तुमच्या फुप्फुसातलं लघवीत दिसतं का? हाडातलं दिसतं का? दीड वर्ष तुम्ही आंधळ्यासारख्या फिरताय आणि म्हणताय पास झाले!"

चतुराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. खोट्या कागदानं घाबरवलं होतं, तोवर ठीक होतं. पण खोट्या कागदांनी दीड वर्ष निजवलं होतं, हे आत्ता समजलं. तिला एकदम स्वतःचा असा राग आला की आबासाहेबांचाही तेवढा आला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "काय करायचं ते आत्ता करा. सगळं. डावी कूस दुखती दोन महिन्यांपासून. लपवत न्हाई."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणारं पेन थांबलं. "हे आधी सांगायचं."

रक्त घेतलं. सीटीच्या गोल यंत्रात घातलं. शिरेतून औषध गेलं तेव्हा अंगभर गरम लाट आली आणि तिला वाटलं पिशवी फुटली. फुटली नव्हती. 'श्वास रोखा, सोडा' असा यंत्रातला आवाज सांगत होता आणि ती मनात म्हणत होती, रोखलाय बाबा, दीड वर्ष रोखलाय.

संध्याकाळी बाईंनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर करडे-पांढरे फोटो. "फुप्फुसं साफ. लिव्हर साफ. गाठी नाहीत. हाडं बरी." एकेका शब्दाला निवृत्तीची मान हलत होती, भजनात हलावी तशी. "पण हे बघा. डावं मूत्रपिंड फुगलंय. नळी आतड्याला जिथं जोडली होती तिथं अरुंद झालीय. पाणी कमी प्यायलात, संसर्ग झाला, लघवी तुंबली. अजून चारसहा महिने लपवलं असतं तर हे मूत्रपिंड हातचं गेलं असतं."

"तिथं कॅन्सर हाय का?" तिनं सरळ विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टरीणबाई तितक्याच सरळ म्हणाल्या. "जुन्या टाक्याचा व्रण आवळला असेल. नाहीतर तोच परत आला असेल. पाठीतून नळी टाकून तुंबलेलं मोकळं करू, आणि त्या जागेचा तुकडा तपासू. तोवर कोणी काही सांगितलं तर खोटं समजा. मी सांगितलं तरी."

हे उत्तर चतुराबाईला आवडलं. 'देवावर भरोसा ठेवा' म्हणणारा डॉक्टर असता तर ती उठूनच गेली असती.

पाठीतून नळी टाकली. तुंबलेली लघवी मोकळी झाली आणि दोन महिन्यांचं ते कुशीतलं जड ओझं उतरलं. तुकड्याच्या निकालाची वाट बघत ती वॉर्डात बसून होती. पाठीला एक पिशवी, पोटाला एक पिशवी. शेजारच्या खाटेवर धर्मापुरीचा एक म्हातारा, नुकतंच मूत्राशय काढलेला, भिंतीकडं तोंड करून पडलेला. त्याची सून पिशवीला हात लावायला घाबरायची. चतुराबाई आपल्या खाटेवरून उठली, म्हणाली, "बाबा, इकडं बघा, माझ्याकडं दोन हाईत," आणि पिशवी कशी काढायची, कातडी कशी कोरडी करायची, नवी कशी दाबून बसवायची ते सुनेला करून दाखवलं. म्हातारा पहिल्यांदा हसला. "तुमचा बरा डबल बार झालाय," म्हणाला.

निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः खाटेपाशी आल्या. त्यांचा चेहरा बघून काही कळेना. डॉक्टरांना चेहरा कोरा ठेवायचं कुठं शिकवतात कोण जाणे.

"व्रण," त्या म्हणाल्या. "नुसता व्रण. कॅन्सर नाही."

चतुराबाईनं ओरडून अख्खा वॉर्ड जागा केला. निवृत्ती बाहेर चहा आणायला गेला होता, तो चहा सांडत पळत आला. "काय झालं? काय झालं?" ती हसत होती आणि रडत होती, आणि दोन्ही पिशव्या सांभाळत नाचायचं कसं याचा विचार करत होती. "न्हाई! न्हाई म्हनल्या बाई!"

"आज नाही," डॉक्टरीणबाईंनी बोट उगारलं. "आजच्या दिवसाचं बोलतेय मी. नळी रुंद करायचं ऑपरेशन व्हायचंय. आणि सहा महिन्यांनी पुन्हा सगळं."

"येते. दुष्काळ असो, सभा असो, भूकंप होवो. येते."

तिनं भामाबाईला फोन लावला. संध्याकाळच्या संकलनाची वेळ. फोनमधून बरण्यांचा, कॅनांचा, बायांचा गलका येत होता.

"भामे!"

"थांब थांब, मोठा आवाज लावते. ए, गप बसा गं! चतुराचा फोन हाय! हां, बोल!"

"कॅन्सर न्हाई!"

पलीकडं असा कल्ला उठला की तिनं फोन कानापासून लांब धरला. कोणी कॅनाचं झाकण बडवलं. कोणी "जयभीम!" ओरडलं, कोणी "जय जगदंबा!" ओरडलं. भामाबाई कुणालातरी दटावत होती, "सांडू नकोस दूध, भवाने, पगार तुझ्या बापाचा जाईल का!" आणि स्वतःच हुंदके देत होती.

"पुढचं ऐका गं!" चतुराबाई ओरडली. "हे आजचं हाय. जन्मभर बघत राहायचं हाय. माझी लई मोठी चूक झालती…" पण तिकडं ऐकायला कोण मोकळं होतं? तीही हसायला लागली. ओरडू द्या. इतक्या दिवसांत बोरखेडमध्ये कोणी आनंदानं ओरडलंच नव्हतं.

मग फोन कुणीतरी हातात घेतला. गलका मागं मागं पडत गेला. बाई फोन घेऊन खोलीबाहेर आली असणार. आता फक्त श्वास ऐकू येत होता.

"कोन?"

"मी सारजा, आक्का." सारजाबाई, गायरानाकडच्या वस्तीवरची. रोज अर्धा लिटर दूध घालायची, सभेत कधी तोंड उघडायची नाही. "आक्का, एक इचारू? कुनाला सांगू नका."

"इचार."

"माझ्या लघवीतनं लाल जातंय. पोळ्यापासनं. मधी थांबतं, पुन्हा जातं. दुखत काई न्हाई. सासू म्हनती उन्हानं हाय, धने-जिऱ्याचं पानी पी."

चतुराबाईचं हसू थांबलं. ती खाटेवर ताठ बसली. तिचंही असंच होतं, हुबेहूब. वर्षभर लाल जात होतं, दुखत नव्हतं, लाज वाटत होती, आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असं सगळ्या गावानं तिला सांगितलं होतं. मिस्रीनं काळे झालेले दात दाखवत गावातली वैदीण तेव्हा हसली होती.

"सारजे, तू मिस्री लावतीस?"

"सगळ्याच लावतात की, आक्का."

"आज सोड. तंबाखूच हाय ती, आतनं खाती. आन ऐक. उद्या सकाळच्या गाडीत बसायचं. बंकटला मी सांगते."

"उद्या? उद्या कसं… म्हस कोन पिळनार? आन सासू…"

"म्हस भामी पिळंल. सासू आत रांगेत आसंल, तिला फोन दे."

"आक्का, नगं, सासूला नगं…"

"सारजे!" वॉर्डातल्या खाटा वळून बघायला लागल्या, तरी तिनं आवाज कमी केला नाही. "माझ्यावानी वरीस घालवू नको. दुखत न्हाई तवाच पकडायचं असतं गं. दे फोन सासूला. मी बोलते म्हातारीशी."

पलीकडं पावलांचा आवाज, दाराची कडी, आणि सारजाबाईचा बारीक, पण ठाम झालेला आवाज, "आत्याबाई, चतुराक्काचा फोन हाय. घ्या."

चतुराबाईनं पाठीची नळी सावरली, घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली.